मुळशीतला अळंबी वॉक: टोपली रिकामी, तरी पैसे वसूल

आधीच सांगते. मुळशीच्या रानात गाइडबरोबर अळंबी बघत फिरायच्या या वॉकला पिशवी भरून रानअळंबी घरी न्यायची या हिशोबाने कुणी जाणार असेल तर राहू द्या. मंडईत जा, बटण मशरूमची पाकिटं घ्या, घरी झणझणीत मसाला करा आणि उरलेल्या पैशांत पिक्चर बघा. इथे अळंबीची एक छत्रीसुद्धा घरी नेऊ देत नाहीत. बुकिंगच्या पानावर हे लिहिलेलं आहे, पण अगदी खाली आणि बारीक अक्षरात. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते वाचलेलंच नव्हतं. एक काका चांगल्या दोन मोठ्या कापडी पिशव्या इस्त्रीची घडी घालून घेऊन आले होते.

आयोजकांचं नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत, आणि मंडळी नवीन आहेत. पावसाळ्यात पुण्यातून असे वॉक आता बरेच निघतात, त्यामुळे खाली लिहिलेलं कुठलाही वॉक बुक करताना उपयोगी पडेल.

मी कोरेगाव पार्कातल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये कॉमी, म्हणजे अगदी खालच्या पायरीवरची शेफ आहे. म्हणजे कांदे, लसूण, स्टॉकची हाडं, आणि शनिवारी रात्री पिकअपवर कुणी ओरडलं की "येस शेफ". पुढेमागे स्वतःचं लहानसं रेस्तराँ काढायचं डोक्यात आहे. तिथे आपल्या सह्याद्रीतलं जे पावसाळ्यात उगवतं तेच ताटात असेल. कोपनहेगनचं नोमा हे रेस्तराँ २००३ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर जगभरच्या शेफ लोकांना अचानक रान दिसायला लागलं. आमच्याकडे टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टुली, शेवळं हे सगळं आज्यांना आधीपासून दिसत होतंच, फक्त त्याचं कुणी टेस्टिंग मेन्यू केलं नव्हतं. शेवळांचंच बघा. काकड नावाच्या झाडाच्या फळाशिवाय शिजवली तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव काढणार नाही. हे ज्ञान कुठल्याही कलिनरी स्कूलमध्ये मिळत नाही. अळंबीचंही असंच काहीतरी हाताला लागेल म्हणून गेले.

आजोळ कुडाळचं, त्यामुळे अळंबी खाल्लेली होती. कोकणात पहिल्या जोराच्या पावसानंतर बायका रस्त्याच्या कडेला पानात बांधून विकायला बसतात, आणि घरात ती आली की त्या दिवशी मासे नसले तरी कुणी कुरकुरत नाही. पण खाणं वेगळं आणि रानात उभं राहून ओळखणं वेगळं.

फी १,८०० रुपये. त्यात चांदणी चौकातून येण्या-जाण्याची गाडी, नाश्ता, जेवण आणि एक किट. गाडी सहाला सांगितली होती, निघाली पावणेसातला, कारण दोन जण "बस्स, पाचच मिनिटांत" करत होते. मग पिरंगुटला जे व्हायचं ते झालं. रविवारी सकाळी सात वाजून गेल्यावर त्या रस्त्यावर ताम्हिणीला निघालेलं अख्खं पुणं असतं. उशीर करणाऱ्यांना सोडून निघण्याची हिंमत आयोजकांनी दाखवायला हवी. पोह्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

वॉक पौडच्या पुढे एका गावात, खासगी मालकीच्या जमिनीवर आणि लागून असलेल्या देवराईत होतो. हे मला आवडलं. ताम्हिणीचा मोठा भाग २०१३ पासून अभयारण्य आहे, तिथून काही खुडून आणणं कायद्यात बसत नाही. तरी रीलवर लोक तिथलीच टोपली दाखवतात. आमच्या गाइडनं गाडीतच स्पष्ट सांगितलं की मालकाची परवानगी घेतलेली आहे, आणि देवराईत फक्त डोळे वापरायचे. तुम्ही दुसऱ्या कुणाकडे बुक करणार असाल तर जमीन कुणाची, हा पहिला प्रश्न विचारा. उत्तर गोलगोल आलं तर समजून जा.

गाइड वनस्पतिशास्त्रात संशोधन करणारा तरुण दादा. हुशार आहे, मनापासून शिकवतो, फक्त लॅटिन नावं सुरू झाली की थांबत नाही. पहिला पाऊण तास आम्ही एका पडवीत उभे राहून ऐकत होतो आणि समोर पाऊस थांबलेला होता. पावसाळ्यात मुळशीत पाऊस थांबलेला असतो तेव्हा व्याख्यान द्यायचं नसतं, ते पाऊस पडताना द्यायचं असतं. पण त्यानं सांगितलेल्यातल्या काही गोष्टी मी तेव्हाच मोबाइलवर टिपून घेतल्या.

एक म्हणजे आपल्या घरच्या सगळ्या कसोट्या निकालात काढल्या. चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, लसूण टाकून निळा झाला तर विषारी, किड्यांनी खाल्लेली असेल तर चांगली, उकळून पाणी टाकलं की विष जातं. यातलं एकही खरं नाही. गोगलगाई माणसाला मारणाऱ्या छत्र्या आरामात खातात. अमानिटा गोत्रातल्या काही जातींत जे विष असतं ते शिजवून, वाळवून, फ्रीझरमध्ये ठेवून, कशानंही जात नाही. यकृताच्या पेशींना प्रथिनं बनवायला जो एक एन्झाइम लागतो, त्यालाच ते जाऊन अडवतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन तेरा माणसं गेली, बहुतेक चहाच्या मळ्यांच्या भागातली. तीही पिढ्यानपिढ्या अळंबी खाणारीच माणसं होती.

दुसरी गोष्ट मी आमच्या किचनच्या फळ्यावरसुद्धा लिहून ठेवली आहे. अळंबी खाल्ल्यावर तासा-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले तर हाल होतात, पण बहुतेक वेळा माणूस त्यातून उठतो. सहा तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी त्रास सुरू झाला तर तो जास्त भीतीचा. त्यात मध्ये एखादा दिवस बरं वाटतं, लोक "गेलं पोटातलं" म्हणून घरी थांबतात, आणि तोवर आत यकृत निकामी होत चाललेलं असतं. उशिरा त्रास झाला की घरी थांबायचं नाही, थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं, आणि उरलेली अळंबी, अगदी कचऱ्यातले देठसुद्धा, कागदात गुंडाळून बरोबर न्यायचे.

मग एकदाचे चालायला लागलो, आणि इथून पुढे हा वॉक खरं तर गाइडचा राहत नाही. आयोजकांनी गावातल्या एका मावशींना बरोबर घेतलेलं आहे. पोस्टरवर त्या नाहीत, बुकिंगच्या पानावर नाहीत, सुरुवातीला त्यांची ओळखही नीट करून दिली नाही. "या आपल्याला वाट दाखवतील," एवढंच. डोक्यावर इरलं नाही, प्लॅस्टिकचा कागद, हातात एक बोटभर जाडीची काठी, आणि चाल अशी की ट्रेकिंग बूटवाले सगळे मागे.

अर्ध्या तासात गाइडला जे दिसलं नाही ते त्यांना तीन ठिकाणी दिसलं. करवंदीच्या जाळीमागे, गवत जरा विरळ होतं अशा जागी, जमिनीतून राखाडी टोकं वर आलेली. वारूळ तिथे दिसतच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "खाली हाय ना. वरून दिसलंच पायजे असं काय न्हाय." गाइडनं मग शास्त्र सांगितलं आणि ते खरंच विलक्षण आहे. ही टर्मिटोमायसिस गोत्रातली अळंबी. वाळवी पाला-लाकूड चावून आत नेते, त्याचं स्पंजसारखं पोळं रचते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. वाळवीची ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांची जुनी आहे. पाऊस झाला की त्या पोळ्यातून देठ वर निघतो आणि माती फोडून बाहेर छत्री उघडते. माणसाला ही अळंबी आजवर धंद्यापुरती पिकवता आलेली नाही. वाळवीशिवाय ती जमतच नाही. म्हणून ती बाराही महिने सुपरमार्केटमध्ये दिसत नाही, आणि कोकणात पानात बांधून मिळते तेव्हा घासाघीस न करता घ्यायची असते.

मावशींनी एक काढून दाखवली, फक्त एक. उकिडव्या बसल्या, काठीनं देठाभोवतीची माती बोटभर मोकळी केली, देठ दोन बोटांत धरला आणि हलकेच पिळा देऊन जमिनीच्या जरा खालून मोडला. टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा, त्यावर गडद डाग, कारण माती फोडायचं काम त्या टोकाचं. खालच्या पट्ट्या पांढऱ्या, दाट, देठाला न चिकटलेल्या. देठ वर पांढरा आणि खाली निमुळता होत मातीत गेलेला. आमच्यातल्या एका मुलानं उत्साहात किटमधला चाकू काढला आणि दुसऱ्या छत्रीखाली खोल खणायला घेतलं, त्याला मुळापर्यंतचा व्हिडिओ हवा होता. मावशींनी त्याचा हातच धरला. "घर हाय त्यांचं ते. मोडलंस तर पुढच्या साली काय खाशील?" आणि उमललेल्या मोठ्या छत्र्या दाखवून म्हणाल्या, या सोडायच्या, घ्यायच्या त्या कळ्या, त्याही सगळ्या न्हाय. गाइडच्या पाऊण तासाच्या व्याख्यानात टिकाऊ वापर, परिसंस्था वगैरे सगळं होतं. मावशींनी ते एका वाक्यात उरकलं.

मी त्यांना कुत्र्याच्या छत्र्यांबद्दल विचारलं, की विषारी ओळखता कशा. त्यांचं उत्तर मला फार पटलं. त्या विषारी ओळखतच नाहीत. त्यांना खायच्या तीन-चार ठाऊक आहेत, त्यांची जागा, वेळ, वास, देठ, सगळं ठाऊक आहे. बाकी सगळं त्यांच्यासाठी कुत्र्याची छत्री, त्याकडे बघायचंसुद्धा नाही. ओळखीची जात पण अनोळखी जागी उगवली, तरी नाही. आमच्या किचनमध्ये एक चंद्रपूरचा मुलगा आहे, तो सात्या म्हणतो अळंबीला आणि त्याची आई जंगलातून आणते. त्याला नंतर विचारलं तर तो हेच म्हणाला, आई फक्त आपल्या जागेवरचीच आणते.

देवराईत चपला काढायला लावल्या. ओल्या पाल्यावर अनवाणी चालायची सवय नसलेल्यांनी जरा तोंडं केली, पण आत गेल्यावर सगळे गप्प झाले. पडलेली झाडं तिथे कुणी उचलत नाही, सरपणालाही नाही, म्हणून कुजक्या लाकडावर बुरशीचं इतकं काही दिसलं की मी दोनशे मीटर पुढे जायला किती वेळ लावला कुणास ठाऊक. बारक्या फांद्यांवर नारिंगी-गुलाबी वाट्या. एका ओंडक्यावर तपकिरी, ओले, लुसलुशीत कान. हे बघून मी एकटीच ओरडले, कारण हेच वाळवलेलं पाकीट आमच्या स्टोअरमध्ये ब्लॅक फंगस म्हणून असतं आणि हॉट अँड सावर सूपसाठी ते भिजत घालायचं काम माझंच. ओलं, झाडाला चिकटलेलं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्याच ओंडक्यावर बोटाच्या पेराएवढे पांढरट केसाळ पंखे होते, खालच्या पट्ट्या मधोमध उभ्या चिरलेल्या. मणिपूरमध्ये याला कांगलायेन म्हणतात आणि आवडीनं खातात. आपल्याकडे आंब्याच्या वाळक्या फांदीवर हेच येतं आणि कुणी ढुंकून बघत नाही. तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात एक डिश तयार झाली होती, पण गाइडनं माझ्या चेहऱ्याकडे बघून आधीच मान हलवली.

कुणीतरी भीमाशंकरच्या रात्री चमकणाऱ्या बुरशीबद्दल विचारलं. त्यावर गाइड दोन वाक्यं बोलला आणि तिसऱ्या वाक्यात त्यांचं ते वेगळं पॅकेज आहे हे कळलं.

आता सगळ्यात उपयोगी भाग. आदल्या दिवशी ग्रुपवर निरोप आला होता की आपापल्या सोसायटीच्या आवारातली एखादी छत्री कागदी पिशवीत घालून आणा, हाताळल्यावर हात धुवा. मी धायरीत राहते, आमच्या सोसायटीच्या लॉनवर पाऊस झाला की वशाटात घालावीत अशी गुबगुबीत पांढरी येतात, टोपीवर तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारं कडं. मी फोटो काढून एका ॲपला विचारलं होतं, ॲपनं बिनधास्त एका खाण्याजोग्या जातीचं नाव सांगितलं होतं. गाइडनं टोपी देठापासून वेगळी केली आणि अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी ठेवायला सांगितली, वर वाटी झाकायची, म्हणजे बीजाणू खाली पडून ठसा उमटतो. त्याला वेळ लागतो, रात्रभर ठेवायचं असतं, म्हणून ही एवढी एक गोष्ट तपासणीसाठी घरी परत नेऊ दिली, वर चिकटपट्टी लावून आणि "खाऊ नये" असं लिहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी उचलली. पांढऱ्या कागदावर मळकट हिरव्या रंगाची सुरेख चक्री उमटली होती, एकेक पट्टी मोजता येईल अशी. हिरवा ठसा म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. लॉनवर, गवतात, शहरात सर्रास उगवणारी, आणि जगभर लोक चुकून खाऊन हॉस्पिटलात जातात त्यांतली एक नेहमीची. गंमत अशी की ती कोवळी असताना पट्ट्या पांढऱ्याशुभ्र असतात, हिरवट झाक नंतर येते. म्हणजे स्वयंपाकीण म्हणून मी ज्या वयाची निवडली असती, कोवळी, घट्ट, डागविरहित, त्याच वयात ती फसवते. वाळवीच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबीसर येतो, अमानिटाचा पांढरा, बटण मशरूमच्या गोत्राचा चॉकलेटी. मी तो हिरवा ठसा लॅमिनेट करून सोसायटीच्या लिफ्टमध्ये लावला आहे. सेक्रेटरींनी काढला, मी परत लावला.

किटबद्दल थोडक्यात. भिंग चांगलं आहे, दहापट मोठं दाखवतं आणि दोरीत अडकवलेलं आहे. वेताची टोपली सुंदर, पण काही नेऊच देणार नसाल तर तिचे पैसे का घेता? फोटोसाठी, दुसरं काय. चाकूला मागे ब्रश आहे, तो ब्रश कामाचा, पातं मात्र बोथट. आणि ओळखपत्रिका तर फेकून द्यावी अशी. त्यावर पिवळ्या शांतरेल आणि युरोपातल्या पोर्चिनी छापल्या आहेत, आणि कोपऱ्यात लाल टोपीवरचे पांढरे ठिपके. मुळशीत जे दिसतं त्यातलं जवळजवळ काहीच त्यावर नाही. परदेशी पुस्तकातून उचलून कार्ड छापणं केवळ आळशीपणाचं नाही, धोक्याचंही आहे. आपल्या पुण्यात, आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे, तिथे बुरशींचं अख्खं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे, बुरशीशास्त्रज्ञ आजरेकरांच्या नावाचं, आणि जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही. पश्चिम घाटातल्या अळंबीवर काम करणारी माणसं आपल्याच शहरात असताना कार्डावर युरोप कशाला?

जेवण. पोस्टरवर "रानातून थेट ताटात" असं लिहिलेलं होतं. ताटात धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम होती. पाकिटातली, लागवडीची. पहिला घास घेण्याआधीच कळलं, कारण रोज तीच फाडते. दोन-तीन जण चिडले आणि त्यांचं चूक नाही, जाहिरात खोटीच आहे, ती बदलायला हवी. पण गाइडनं कारण सांगितलं ते मला मान्य आहे: पैसे घेऊन अनोळखी लोकांना रानातली अळंबी खाऊ घालायची जबाबदारी ते घेत नाहीत. बरोबर आहे. मग तसंच छापा की.

आणि कालवण मावशींनीच केलं होतं, अळंबीचं करतात तसंच. मी चुलीशी जाऊन बसले. सुरी नाहीच, धिंगरी देठापासून उभी हातानं फाडायची. टोपात तेल, ठेचलेला लसूण, अळंबी, आणि झाकण. मीठ नाही, पाणी नाही. आम्ही हॉटेलात याच्या बरोबर उलट करतो, मोठी आच, थोडी थोडी, बटरमध्ये, पाणी सुटूच द्यायचं नाही. इथे मावशींनी पाणी सुटू दिलं, टोपात चांगलं बोटभर पाणी आलं, त्याच पाण्यात अळंबी शिजली आणि मग झाकण काढून ते सगळं आटवलं. तळाला लागायला लागेपर्यंत. तेव्हा कुठे भाजलेल्या कांद्याचं आणि सुक्या खोबऱ्याचं वाटण, घरचा कांदा-लसूण मसाला आणि शेवटी मीठ. मला वाटत होतं अळंबीचा लगदा होणार, पण तसं होत नाही. भाजी शिजवली की तिच्या पेशींच्या भिंती ढासळतात. अळंबीच्या भिंती कायटिनच्या असतात, खेकड्याच्या कवचात असतं त्याच्या, त्या उष्णतेला दाद देत नाहीत, म्हणून ती वीस मिनिटं शिजवली तरी दाताखाली तशीच राहते. आणि सुटलेलं पाणी आटवल्यामुळे त्यातली सगळी चव परत अळंबीवर येऊन बसते. वाटणाचा खमंगपणा त्यावर वरून. मी हे दुसऱ्या दिवशी स्टाफ मीलला बटण मशरूमवर करून बघितलं. आमचे सू शेफ सहसा स्टाफ मीलबद्दल काही बोलत नाहीत, त्यांनी टोप पुसून खाल्ला.

बरोबर इंद्रायणीचा भात, तांदळाची भाकरी, कुर्डूची भाजी आणि ठेचा. इंद्रायणी मुळची मावळातली, वडगावच्या भात संशोधन केंद्रातली, त्यामुळे तिथे ती चिकट, सुवासिक, वाफाळती खाण्यात जी मजा आहे ती पुण्यातल्या दुकानातल्या पाच किलोच्या पिशवीत येत नाही. कुर्डू जरा जून होता.

शेफ होऊ पाहणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. रानातून आणलेली अळंबी तुम्ही हॉटेलच्या किचनमध्ये नेऊ शकत नाही. मी आमच्या एक्झिक्युटिव्ह शेफना विचारलं होतं. बिल नसलेला, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या परवान्याचा नंबर नसलेला माल स्टोअरच्या दारातून आत येत नाही, आणि कुणाला काही झालं तर आधी किचन सील होतं. म्हणजे "मी स्वतः खुडलेली मुळशीची अळंबी" असं मेन्यूवर लिहायचं स्वप्न तूर्तास वहीत. मला वाटतं ते तिथेच ठीक आहे. कारण सगळी रेस्तराँ जर पौडच्या पलीकडे टोपल्या घेऊन उतरली तर मावशींच्या करवंदीमागे पुढच्या साली काही उगवायचं नाही, आणि बाजारात भाव वाढला की खणणारे हातही वाढतात. त्याऐवजी लागवडीची धिंगरी घ्या, कडक उन्हात किंवा ड्रायरमध्ये वाळवा, पूड करा. वाळवल्यावर चव कितीतरी घट्ट होते. आमटीत चमचाभर टाकून बघा.

मुख्य तक्रार शेवटी ठेवली आहे. जेवणानंतर मी आयोजकांना विचारलं, मावशींना किती देता. "मानधन असतं," असं उत्तर आलं. आकडा नाही सांगितला. परत निघताना मावशींनाच विचारलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "दिलं त्यांनी कायतरी." वीस जणांचे १,८०० धरा आणि हिशोब करा. या वॉकमध्ये जे शिकण्यासारखं आहे त्यातलं अर्ध्याहून जास्त त्या बाईंकडून येतं, जमिनीची नजर त्यांची, चूल त्यांची. गाइडचा फोटो पोस्टरवर आहे, त्यांचाही हवा, नाव हवं, आणि पैसे गाइडइतके हवेत. हे मी अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये लिहिलं, त्यावर बदामाचा इमोजी आला. त्यामुळे पाचातला एक स्टार तिथे कापला. अर्धा कार्डाचा आणि पोस्टरचा. राहिलेले साडेतीन पूर्ण मनानं.

जाणार असाल तर: गट बारापेक्षा मोठा नसेल याची खात्री करून घ्या, आम्ही वीस होतो आणि मागच्यांना काही ऐकू येत नव्हतं. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन गर्दीच्या ठिकाणी बंदीचे आदेश काढतं, ते आदल्या दिवशी बघा, नाहीतर पौडवरूनच परत फिराल. लहान मुलं न्या, पण पाच वर्षांखालची नको, ती सगळं तोंडात घालतात. छत्री नको, रेनकोट घ्या, हात मोकळे लागतात. अनवाणी चालायचं आहे हे धरून चला. कागदी पिशवी आणि जुनं वर्तमानपत्र घ्या, प्लॅस्टिकमध्ये छत्री घामेजून काळी पडते. चालताना गाइडच्या मागे गर्दी करू नका, मावशींच्या मागे राहा. आणि भात दुसऱ्यांदा मागा, देतात.